वाचकांचे प्रश्न : चौसष्टाव्या घाताहून एकाने लहान

२चा ६४वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास एकूण किती दाणे लागतील, या जुन्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. हनोईच्या मनोऱ्याच्या कोड्यात ६४ चकत्या हलवायला कमीत कमी इतक्याच चाली लागतात आणि संगणकाच्या ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच. या संख्येविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. दाण्यांचा ढीग किती उंच होईल, चाली संपायला किती वर्षे लागतील, अशा स्वरूपाचे प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवले आहेत, कारण संख्या मोठी आहे एवढेच त्यांतून पुन्हा पुन्हा कळते. तिची जडणघडण कळत नाही.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये २चा ६४वा घात वजा १ असे सूत्र दिले असता १८४४६७४४०७३७०९६००००० असे उत्तर आले. पुस्तकात मात्र शेवटचा अंक ५ दिला आहे. संख्या सम की विषम, एवढेही यंत्राला कळू नये का?

उत्तर : पुस्तकातला अंक बरोबर आहे. २चा कोणताही घात सम असतो, म्हणून त्यातून १ काढल्यावर उरणारी संख्या विषमच असणार. शेवटचा अंकही गुणाकार न करता सांगता येतो. २च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ याच क्रमाने फिरत राहतात; ६४ला ४ने निःशेष भाग जातो, त्यामुळे ६४व्या घाताचा शेवटचा अंक ६ आणि आपल्या संख्येचा ५.

यंत्राची अडचण साठवणुकीची आहे. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक दाखवते आणि उरलेल्या जागा शून्यांनी भरते, हे तर डोळ्यांना दिसतेच. पण आतही संख्येचे पहिले ५३ बिटच जपले जातात. २च्या ६४व्या घाताच्या अलीकडे या पद्धतीने लिहिता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांमध्ये २०४८चे अंतर असते, त्यामुळे तिथे १ वजा करणे आणि न करणे सारखेच ठरते.

हाताने करायचे असेल तर ६३ वेळा दुप्पट करत बसण्याची गरज नाही. २चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६ आणि त्याचा १८४४६७४४०७३७०९५५१६१६, असे सहा वर्ग पुरतात. शेवटचा गुणाकार तेवढा जपून करावा लागतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने वर्ग घेत जाण्याच्या याच युक्तीने दाण्यांची संख्या शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक काढली होती.

प्रश्न : ही संख्या मूळ आहे का? नसल्यास तिचे अवयव संगणकाशिवाय काढता येतील का? वीस अंकी संख्येला एकेका मूळ संख्येने भागत बसायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही.

उत्तर : मूळ नाही, हे शेवटच्या ५वरूनच ठरते. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३नेही भाग जातो, ९ने मात्र जात नाही. नेहमीच्या कसोट्या इथे संपतात. पण भागाकार करत बसण्याऐवजी संख्या दशमान पद्धतीतून द्विमान पद्धतीत (जिथे ० आणि १ हे दोनच अंक वापरतात) नेली, तर अवयव जवळजवळ आपोआप सुटे होतात.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे एका ओळीत मांडलेले ६४ एक. आता आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतले ११११ घ्या. ते ११ × १०१ आहे. आठ एक घेतले तर ११११११११ = ११११ × १०००१, म्हणजेच ११ × १०१ × १०००१. या गुणाकारांत कुठेही हातचा येत नाही, त्यामुळे ते कोणत्याही पायाच्या पद्धतीत जसेच्या तसे खरे राहतात. द्विमान पद्धतीत ११ म्हणजे ३, १०१ म्हणजे ५ आणि १०००१ म्हणजे १७. चौसष्ट एकांची ओळ अशी निम्मी निम्मी करत गेल्यास सहा अवयव मिळतात : ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. शाळेत शिकलेले दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन्हा पुन्हा लावले तरी हेच हाती येते.

या सहा संख्यांचा इतिहास मोठा आहे. प्रत्येक संख्या २च्या अशा घाताहून एकाने मोठी आहे की ज्याचा घातांक स्वतःच १, २, ४, ८, १६, ३२ या क्रमातला आहे. अशा रूपाच्या सर्वच संख्या मूळ असतात, असा विश्वास फर्माने १६४०च्या सुमारास पत्रांतून व्यक्त केला होता. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी नाही, हे ऑयलरने १७३२मध्ये दाखवले; ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६४१ ही संख्या ऑयलरला सुचली कशी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. या सहाव्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६४ने भाग गेलाच पाहिजे, असे त्याने सिद्ध केले. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत, म्हणजे पाचव्या प्रयत्नातच उत्तर मिळते. १८७८मध्ये ल्युकाने अट आणखी कडक केली आणि ६४च्या जागी १२८ आणले. मग २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात, आणि त्यांतल्या २५७ने भाग जाणार नाही हे आपल्याला थोड्या वेळात दिसेलच.

भागाकार न करताही ६४१ची खात्री पटवता येते, आणि माझ्या मते या सबंध विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. ६४१ दोन प्रकारे मांडता येते : ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६. पहिल्या मांडणीनुसार ५ × १२८ला ६४१ने भागले असता बाकी −१ मानता येते. १२८ म्हणजे २चा सातवा घात, म्हणून दोन्हीकडे चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २चा २८वा घात याची बाकी १ येते. आता दुसरी मांडणी सांगते की ६२५ची बाकी −१६ मानली तरी चालेल. ६२५च्या जागी −१६ ठेवले तर −१६ गुणिले २चा २८वा घात, म्हणजेच २च्या ३२व्या घाताचे ऋण रूप, याची बाकी १ ठरते. अर्थात २च्या ३२व्या घातात १ मिळवला की ६४१ने निःशेष भाग जातो. दहा अंकी संख्येचा एकही अंक न लिहिता काम झाले.

राहिला ६७००४१७ मूळ आहे का हा प्रश्न. तिचे वर्गमूळ २५८८च्या थोडे पुढे आहे, त्यामुळे एरवी तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. ल्युकाच्या अटीत मात्र त्या टप्प्यापर्यंत फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ बसतात. २५७ आधीच बाद आहे. उरलेल्या चारांनी भागले असता बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ राहते. चार भागाकारांत संख्या मूळ ठरली. तेव्हा संपूर्ण उत्तर असे :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

यातला कोणताही अवयव दोनदा येत नाही, आणि त्यालाही कारण आहे. वरच्या सहा संख्यांपैकी कोणतीही घ्या. तिच्या आधीच्या सर्वांचा गुणाकार करून त्यात २ मिळवले की ती तयार होते. उदाहरणार्थ, ३ × ५ × १७ = २५५ आणि २५५ + २ = २५७. दोघींना सामाईक असा एखादा अवयव असता तर त्याने २लाही भाग गेला असता. पण सगळ्या संख्या विषम आहेत, त्यामुळे तसा अवयव असू शकत नाही. ४२९४९६७२९७ला २५७ने भाग का जाणार नाही, याचे उत्तरही हेच.

प्रश्न : या संख्येचे एकूण विभाजक किती? ती परिपूर्ण संख्या असू शकेल का?

उत्तर : सात वेगवेगळ्या मूळ अवयवांपैकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २चा सातवा घात म्हणजे १२८, त्यांत १ आणि ती संख्या स्वतः धरून. परिपूर्ण म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली संख्या. ६ हे तिचे पहिले उदाहरण. इथे ती बेरीज आपल्या संख्येच्या सुमारे ७० टक्के भरते. २च्या घातांशी परिपूर्ण संख्यांचा संबंध आहे खरा, पण त्यासाठी २च्या घातातून १ वजा करून येणारी संख्या मूळ असावी लागते, आणि ती मूळ असायची तर घातांकही मूळ लागतो. ६४ तसा नाही.

प्रश्न : पास्कलच्या त्रिकोणात या संख्येचे विभाजक लपलेले असतात, असे वाचनात आले. ते कसे शोधायचे?

उत्तर : पास्कलच्या त्रिकोणात प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ असतो आणि मधली प्रत्येक संख्या म्हणजे वरच्या ओळीतील तिच्या लगतच्या दोन संख्यांची बेरीज असते. त्रिकोणातील प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या समजून वाचा. पहिल्या ओळी १, ११, १०१, ११११, १०००१ अशा येतात, म्हणजे १, ३, ५, १५, १७. सहावी ओळ १, ५, १०, १०, ५, १ आहे; तिची ११००११ होते आणि तिची किंमत ५१, म्हणजे ३ × १७. पुढेही असेच चालू राहते. पहिल्या ६४ ओळींत ६४ वेगवेगळ्या संख्या मिळतात, त्या सर्व आपल्या संख्येच्या विभाजक असतात, आणि चौसष्टाव्या ओळीतल्या सगळ्याच संख्या विषम असल्यामुळे ती ओळ म्हणजे चौसष्ट एक, अर्थात आपली संख्याच.

एकूण विभाजक १२८ असताना इथे निम्मेच का दिसतात, असे कोणी विचारील. पास्कलच्या त्रिकोणाला ४२९४९६७२९७ ही संख्या अखंडच माहीत आहे. ज्या विभाजकांत ६४१ आणि ६७००४१७ यांपैकी नेमका एकच अवयव येतो, असे उरलेले ६४ विभाजक त्याच्या ओळींत येत नाहीत.

पहिल्या ३२ ओळींना तर वेगळेच महत्त्व आहे. केवळ कंपास आणि पट्टी वापरून सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे गाउसने १७९६मध्ये दाखवले आणि १८०१मध्ये त्याने सर्वसाधारण अट प्रसिद्ध केली. ती अट आवश्यकही आहे, याची सिद्धता १८३७मध्ये वान्त्झेलने दिली. विषम बाजूंच्या आकृतीपुरते सांगायचे तर बाजूंची संख्या ही फर्माच्या (म्हणजे वर आलेल्या ३, ५, १७, २५७ या मालिकेतल्या) वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत, त्यामुळे पहिली ओळ सोडून पुढच्या ३१ ओळी वाचल्या की विषम बाजूंच्या काढता येण्याजोग्या सर्व ज्ञात सुसम आकृत्यांची यादी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने समोर येते. तिच्या शेवटी ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती आहे. आपल्या वीस अंकी संख्येइतक्या बाजूंची आकृती मात्र या साधनांनी निघणार नाही, कारण ६४१ त्या पाचांत नाही.

प्रश्न : ही संख्या पूर्ण वर्ग नाही हे समजले, पण ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज असू शकेल का? तसेच ४०९५ म्हणजे २चा १२वा घात वजा १ ही संख्या १पासून ९०पर्यंतच्या संख्यांची बेरीज आहे, म्हणजे त्रिकोणी आहे. तसे काही इथे घडते का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर ८ने भागल्यावर येणाऱ्या बाकीत आहे. कोणत्याही पूर्ण वर्गाला ८ने भागले असता बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येऊ शकते. आपल्या संख्येची बाकी ७ आहे, आणि ०, १, ४ यांतले दोन किंवा तीन आकडे कसेही मिळवले तरी ७ची बाकी साधत नाही. चार वर्ग मात्र नक्की पुरतील, कारण प्रत्येक धन पूर्ण संख्या चार वर्गांच्या बेरजेत मांडता येते, हे लाग्रांजने १७७०मध्ये सिद्ध केले आहे. दोन वर्गांची वजाबाकी विचाराल तर तिथे उलट चंगळ आहे. विभाजकांच्या ६४ जोड्यांमागे एक याप्रमाणे ६४ वेगवेगळ्या प्रकारांनी ती होते, आणि त्यांतला सर्वांत साधा प्रकार म्हणजे ४२९४९६७२९६चा वर्ग वजा १चा वर्ग.

त्रिकोणी संख्येचा प्रश्न अधिक खोल आहे. एखाद्या संख्येची आठपट करून त्यात १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग आला, तरच ती त्रिकोणी. ४०९५ची आठपट अधिक १ म्हणजे ३२७६१, आणि तो १८१चा वर्ग आहे. आपल्या बाबतीत हीच कृती केली की २चा ६७वा घात वजा ७ एवढी संख्या येते. तेव्हा प्रश्न असा उरतो की २च्या घातातून ७ वजा केल्यावर पूर्ण वर्ग केव्हा मिळतो. रामानुजन यांनी १९१३मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता, आणि ३, ४, ५, ७ व १५ या घातांकांखेरीज दुसरे उत्तर नसावे असे सुचवले होते. तसे ते नाहीच, हे नागेल यांनी १९४८मध्ये सिद्ध केले. त्यामुळे या कुळातल्या त्रिकोणी संख्या ०, १, ३, १५ आणि ४०९५ यांवरच संपतात.

एवढा मोठा सिद्धान्त न वापरता केवळ ६७ या घातांकापुरती खात्री करायची असेल तर १९ने भागून पाहावे. २च्या १८व्या घाताची बाकी १ येते, म्हणून ६७व्या घाताची बाकी १३व्या घाताइतकीच, म्हणजे ३. त्यातून ७ वजा केले की −४, अर्थात १५ची बाकी. पूर्ण वर्गाला १९ने भागले असता ०, १, ४, ५, ६, ७, ९, ११, १६, १७ एवढ्याच बाक्या संभवतात, आणि त्यांत १५ नाही.

प्रश्न : ही संख्या मराठीत वाचायची कशी?

उत्तर : एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंचाण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. जुन्या संख्यानामांत परार्ध म्हणजे १वर १७ शून्ये. त्या मापाने ही संख्या १८४ परार्धांच्या पुढे जाते. लिहिताना मात्र अंकच बरे.

प्रश्न : या संख्येच्या आसपास मूळ संख्या आहेत का? इतक्या मोठ्या संख्यांमध्ये त्या फारच विरळ असतील ना?

उत्तर : वाटते तितक्या विरळ नसतात. या टापूत लगतच्या दोन मूळ संख्यांमधील अंतर सरासरी ४४च्या आसपास असते, म्हणजे विषम संख्यांपैकी साधारण बाविसातली एक मूळ निघते. आपल्या संख्येच्या मागची सर्वांत जवळची मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७ आहे आणि पुढची १८४४६७४४०७३७०९५५१६२९. पहिली ५८ने मागे आहे, दुसरी १४ने पुढे. दोघींमधले ७२चे अंतर सरासरीपेक्षा मोठे असले तरी अपवादात्मक मुळीच नाही.

मधल्या विषम संख्यांपैकी १८४४६७४४०७३७०९५५१६१७ची ओळख करून द्यायला हवी, कारण फर्माच्या मालिकेतली सातवी संख्या तीच. ती आपल्या संख्येहून फक्त २ने मोठी आहे, पण तिचे अवयव मिळवताना ओळ निम्मी करण्याची वरची युक्ती उपयोगी पडत नाही. एकांची ओळ निम्मी करून आपली संख्या सहज उलगडते. हिच्या द्विमान रूपात दोन टोकांना १ आणि मध्ये ६३ शून्ये आहेत, आणि अशा ओळीला निम्मे करण्याची सोय नाही. ऑयलरने सहावी संख्या फोडल्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी, १८८०मध्ये, लांद्री यांनी तिचे अवयव काढले : २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. ल्युकाची अट तिला थोड्या फरकाने लागू पडते. तिच्या मूळ अवयवातून १ वजा केल्यावर २५६ने भाग गेला पाहिजे, आणि २७४१७६ = २५६ × १०७१ हे ज्याला हवे त्याने करून पाहावे.